एका पट्टीवर दोघं

माझी मुलगी आवाजाचं काम करते. एकाचं गाणं, दुसऱ्याची पेटी, तिसऱ्याचा ढोलक असं वेगवेगळं घ्यायचं आणि संगणकावर एकत्र बसवायचं, असा तो उद्योग. परवा तिनं असंच एक अर्धवट काम पुण्याच्या मैत्रिणीकडं पाठवलं. मैत्रिणीचा संगणक दुसऱ्या पद्धतीचा. तिकडं फाइल उघडली खरी, पण जो आवाज जिथं ठेवला होता तिथं राहिला नव्हता. सगळे एकमेकांच्या अंगावर चढले होते. मुलगी फोनवर वैतागून बोलत होती आणि मी शेजारी पेपर धरून बसलो होतो. फोन ठेवून ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला यातलं काय कळणार." मी वाद घातला नाही. एका मशीनवरचा आवाज दुसऱ्या मशीनवर नेला की काय होतं, हे या घरात सगळ्यात आधी मला कळलं. त्याचा भोग मात्र माझ्या वहिनींच्या वाट्याला आला.

त्या वेळी मी परभणीला एका सरकारी कचेरीत कारकून होतो, लग्न व्हायचं होतं, आणि घर वालूरला. विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. कधी बंद, कधी मोर्चा, एस.टी. कुठं थांबेल याचा नेम नसे. तरी मी दर पंधरवड्याला रेल्वेनं सेलू आणि तिथून मिळेल त्या गाडीनं वालूर असा जायचोच, आणि जाताना मांडीवर माझा टेपरेकॉर्डर असायचा. बदलून गेलेल्या एका साहेबांकडून घेतलेला, टेपच्या मोठ्या चकत्यांचा, लोखंडी पेटीएवढा जड. आई म्हणायची, "पोरगं सुट्टीला येतंय का मशीन आणून सोडायलंय, तेच कळंना."

या मशीनमुळं मी शेफारलो होतो. गावात कॅसेट नुकत्या दिसायला लागल्या होत्या, पण मी त्यांना खेळणी म्हणायचो. खरा आवाज म्हणजे चकतीवरच्या रुंद पट्टीचा, असं कुणी विचारलं नाही तरी सांगायचो. पट्टी मात्र सहजी मिळत नसे. हैदराबादला जाणारं कुणी सापडलं तर मागवायची, नाहीतर बसा वाट बघत. त्यामुळं एकच चकती दोन्हीकडून वापरायची सवय लागली. माझं मशीन पट्टीच्या अर्ध्या रुंदीवर आवाज उतरवायचं. चकती उलटी घातली की उरलेला अर्धा भाग मोकळा मिळायचा. एका बाजूचं दुसऱ्या बाजूला ऐकू यायचं नाही. भावाभावांच्या वाटणीतल्या शेतासारखं, मध्ये बांध आणि ज्याचं त्याला.

आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, शेवटच्या हिवाळ्यात मी त्यांचं बोलणं घेतलं. आबा निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. हिशेब उर्दूत करायचे, शिव्या मराठीत द्यायचे. माळवदाच्या घराच्या ओसरीवर बसून ते महसुलाचा गिरदावर कसा यायचा, रझाकारांच्या दिवसांत गुरं कुठं लपवली, कोणत्या साली दुधना नदी कुठवर आली असं एकातून एक काढत गेले. मध्येच पाणी हवं झालं की घराकडं तोंड वळवून खाकरायचे. तेही टेपमध्ये आलं. त्यांच्यासाठी मी हात आखडला नव्हता. मशीन जलद वेगावर ठेवलं होतं, म्हणजे पट्टी लवकर संपते पण आवाज चांगला येतो. उन्हाळा लागायच्या आत आबा गेले.

ते खाकरणं समजावून सांगायला हवं. आमच्याकडं घरातला कर्ता पुरुष माजघरात येण्याआधी उंबऱ्याबाहेरूनच खाकरतो. आत बायका असतात, कुणाचा पदर सुटलेला, कुणी हसत असतं. त्यांनी सावरून घ्यावं म्हणून ही वर्दी. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हापासून आबांचं खाकरणं ऐकलं की डोक्यावरून पदर पुढं आणि तोंड बंद. त्या आबांना मामंजी म्हणायच्या, तेही आईशी बोलताना. खुद्द आबांशी त्या सरळ एक वाक्य बोललेल्या मला आठवत नाहीत. शेवटच्या आजारात त्यांचं सगळं वहिनींनीच केलं. तेही न बोलता.

आणि या वहिनी गात होत्या. लग्नाची हळद आमच्याकडं जात्यावर दळतात, आणि दळताना ओव्या म्हणायच्या असतात. वालुरात कुणाचंही लग्न निघालं की पहिलं बोलावणं वहिनींना. आवाज जरा जाड, पण असा लांबवर जायचा की ओसरीवरच्या पुरुषांच्या गप्पा आपोआप थांबायच्या. जात्याच्या फेऱ्याबरोबर ओवी उठायची आणि फेऱ्याबरोबरच खाली बसायची. घरात दळण असलं तरी त्या गायच्या, पण बाहेर आबा खाकरले की ओवी जिथं असेल तिथं तुटायची. नुसती जात्याची घरघर उरायची.

माझ्या डोक्यात आलं की हा आवाज रेडिओवर जायला पाहिजे. परभणीच्या रेडिओ केंद्रावरचे एक साहेब आमच्या कचेरीत कामाला यायचे. मी त्यांच्या मागं लागलो. ते म्हणाले, "आणा एकदा टेप, ऐकू. बाईंनाही आणा, पसंत पडलं तर पुढचं तिथंच ठरवू." कोणत्या वेगावर घेऊ तेवढं मी विचारून घेतलं. जलद वेगावर, म्हणाले. बाकी काही विचारायची गरज आहे असं मला वाटलं नाही. मला वाटत नाही म्हणजे नाहीच, असा तेव्हा माझा खाक्या होता.

आबांना जाऊन काही महिने झाले होते. कोरी चकती नव्हती. आबांची होती, आणि तिची दुसरी बाजू मोकळी होती. एका दुपारी मी माजघरात जात्याशेजारी माइक ठेवला. वहिनी आधी नको म्हणत होत्या. "भावजी, दुःखाचं घर हाय. लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांना घरात घेतलंय कुणी? दार लावा." त्यांनी मूठभर ज्वारी घेतली, जात्याला हात घातला आणि गायल्या. दार बंद, बाहेरून कुणी खाकरणार नाही, आईसुद्धा शेतात गेलेली. इतक्या मोकळेपणानं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. शेवटी त्या घाम पुसत हसल्या आणि म्हणाल्या, "या घरात आज पहिल्यांदाच ओव्या पुऱ्या झाल्या बगा."

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, आम्हाला घेऊन परभणीला आला. वहिनींनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. केंद्रातल्या त्या गार खोलीत त्या खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. साहेबांनी चकती त्यांच्या मोठ्या मशीनवर चढवली, वेग बघून घेतला आणि सुरू केलं.

वहिनींचा आवाज आला. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. पण आवाजाखाली आणखी काहीतरी होतं. कुणीतरी उलटं बोलत होतं. शब्द एकही कळत नव्हता, पण बोलण्याची ढब ओळखीची वाटत होती. मी साहेबांकडं बघितलं, साहेब मशीनकडं बघत होते. आणि मग खाकरणं आलं. बोलणं उलटं लागलं की परकं होतं, खाकरणं उलटं लागलं तरी खाकरणंच राहतं. दादा ताठ झाला. वहिनींचा हात डोक्याकडं गेला, पदर पुढं आला, मान खाली गेली. आणि मशीनमधल्या वहिनी गातच राहिल्या. खाकरणं पुन्हा आलं, तरी गातच राहिल्या. खुर्चीतल्या वहिनी कशा आक्रसत गेल्या ते मी बघत होतो आणि मला उठून बटण दाबायचंही सुचलं नाही. शेवटी साहेबांनीच मशीन बंद केलं.

साहेब सज्जन होते. त्यांनी शांतपणे समजावलं, की केंद्राचं मशीन पट्टीची सगळी रुंदी एकदम वाचतं, त्याला दोन बाजू ठाऊकच नाहीत, म्हणून दुसऱ्या बाजूचं उलटं लागतं. माझ्या मशीनला जो बांध दिसत होता तो या मशीनला दिसत नव्हता. उपायही साधा होता. "तुमचं मशीनच इथं घेऊन या, वायर जोडून बाईंची तेवढी बाजू वेगळी उतरवून घेऊ. आवाज फार चांगला आहे." मला तो उपाय ऐकूच आला नाही. वहिनींसमोर, दादासमोर मला कुणीतरी मशीन शिकवत होतं, याचंच मला लागलं होतं.

बाहेर आल्यावर मी वहिनींना तेच सगळं पुन्हा सांगायला लागलो. भिंतीवर बोटानं पट्टी काढली, वरचा अर्धा, खालचा अर्धा. त्यांनी नीट बघितलं. म्हणाल्या, "समजलं भावजी. एका पट्टीवर आमी दोघं हावोत."

"हां. पण ते नुसतं मशीनमुळं."

"मशीनचं न्हाई म्हणत मी. मामंजी खाकरलेत आन् माझं तोंड बंद झालं न्हाई. जितेपणी कधी असं झालं न्हवतं."

"अहो, ते आधीचं, तुमचं नंतरचं."

"ते ठाऊक हाय मला. तरी कानानं ऐकलंच की." मग म्हणाल्या, "मामंजी त्या पट्टीवर हायेत तवर मला काय सांगू नका."

वहिनी भोळ्या किंवा अंधश्रद्ध होत्या असं कुणाला वाटेल. तसं काही नव्हतं. भूत नाही, साद नाही, त्यांच्या मनात असलं काही आलं नाही. त्यांना लाज वाटली, एवढंच. आणि लाजेला पुरावा देऊन भागत नाही, हे कळायला मला वेळ लागला.

त्यांनी गाणं सोडलं. रेडिओवरचं तर सोडाच, जात्यावरचंही. शेजारच्या घरात हळद निघाली, बोलावणं आलं, त्या गेल्या, जातं ओढलं, पण तोंड उघडलं नाही. म्हणाल्या, गळा बसलाय. पुढच्या लग्नातही गळा बसलेलाच. बायका मला विचारायच्या, "तुमच्या भावजयीला परभणीत काय झालं हो?" पंधरवड्याला घरी जायचो आणि सकाळी दळणाची नुसती घरघर ऐकायचो. आबा खाकरले की जी उरायची तीच. आता आबा नव्हते, तरी तीच. मला वाटायचं, मीच उंबऱ्याबाहेर कायमचा खाकरत उभा आहे.

याच तळमळीतून मी दुसरा घोळ घातला, आणि तो पहिल्याहून मोठा. "मामंजी त्या पट्टीवर हायेत तवर" हे वहिनींचं बोलणं माझ्या डोक्यात फिरत होतं. त्यांनी ते विषय संपवायला म्हटलं होतं. मला त्यात उपाय दिसला. आबा पट्टीवर आहेत ही अडचण, तर आबांना पट्टीवरून काढायचं. साहेबांच्या सांगण्याप्रमाणं मशीन केंद्रावर नेलं असतं, दोघांचे आवाज वेगवेगळे करून घेतले असते, तर काही न जाता काम झालं असतं. पण तिथं पुन्हा कोण तोंड दाखवणार? एका रविवारी परभणीच्या खोलीत मी चकती आबांच्या बाजूनं लावली, माइक काढून ठेवला आणि रेकॉर्डचं बटण दाबलं, म्हणजे जुनं पुसून नुसती शांतता उतरत जाते. पट्टी फिरत राहिली. मी शेजारी बसून पेरू खात होतो. हे मला विसरता येत नाही, की मी पेरू खात होतो.

आबांचं वर्षश्राद्ध झालं, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी मी मशीन माजघरात मांडलं. वहिनी चुलीपाशी होत्या. मी मोठ्या आनंदानं सांगितलं, "वहिनी, आता पट्टीवर तुम्ही एकट्याच."

त्यांचे भाकरीवरचे हात थांबले. "आन् मामंजी?"

"काढले."

"कुठं?"

मी हातानंच पुसल्याची खूण केली. त्यांनी एवढंच विचारलं, "आत्याबाईंना इचारलंत का?" आत्याबाई म्हणजे माझी आई. तिला विचारायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. वर्षभर तिनं टेपचं नाव काढलं नव्हतं, म्हणून मी धरून चाललो होतो की तिला त्याचं काही नाही.

आई मशीन बघून आत आली आणि भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "बरं झालं काढलंस. वर्सभर माझी हिंमत झाली न्हाई. आता लाव त्यांचं बोलणं."

मी चकतीवर हात ठेवून तसाच बसलो. आई वाट बघत होती. तिनं पदर सारखा केला होता, कुणी भेटायला येणार असल्यासारखा. मी तोंड उघडायच्या आत चुलीकडून वहिनींचा आवाज आला. "आत्याबाई, ते पुसलंय. मीच भावजींना पुसायला सांगितलं."

"नाही आई," मी म्हणालो. "यांनी काही सांगितलं नाही. मी पुसलं."

आईनं आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तू गप बस. भावजयीवर पांघरूण घालायला लय पुढं असतोस." ती उठून ओसरीवर गेली आणि संध्याकाळपर्यंत आत आली नाही.

त्या दिवसापासून आईनं वहिनींशी सरळ बोलणं सोडलं. "तिला म्हणावं, पाणी ठेव." "तिला सांग, मी आज जेवत न्हाई." मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा आईला सांगितलं, की मी पुसलं. दादानं सांगितलं. काही उपयोग झाला नाही. खरं बोलून मोकळं होता येतं म्हणतात. मी खरंच बोलत होतो आणि वहिनी माझी शिक्षा भोगत होत्या. वहिनींना म्हटलं, तुम्ही तरी आईला खरं सांगा. त्या म्हणाल्या, "माझ्या गाण्यापायीच पुसलं न्हवं? मग खोटं काय बोलले मी?"

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं, चारठाण्याची मुलगी. हळदीच्या सकाळी बायका जमल्या, जात्याला पाच पानं बांधली, सुपारी बांधली. वहिनी जात्याशी बसल्या. समोर दुसऱ्या बाजूनं खुंटा धरायला, विधवेनं बसायचं नसतं तरी, आई बसली. मी ओसरीवर होतो, दार उघडं होतं. नुसती घरघर सुरू झाली. दोन-चार बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, कारण मुक्यानं हळद दळत नाहीत. तेव्हा आई वहिनींशी वर्षात पहिल्यांदा सरळ बोलली. सगळ्यांच्या देखत म्हणाली, "माझ्या नवऱ्याचा आवाज तर घालवलास. आता लेकाची हळद तरी मुकी घालू नगंस."

मी उठलो होतो. आत जाऊन काहीतरी बोलणार होतो. दादानं माझा दंड धरला. आणि वहिनींनी सुरू केलं. आधी देवांना बोलावलं, मग कुळातल्या माणसांना. आवाज गंजला होता, फेऱ्याफेऱ्यानं मोकळा होत गेला. मग त्यांनी अशी ओवी घेतली जी त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकली नव्हती:

हळद दळीते, पिवळी झाली पाळू,
मामंजी नका चालू उन्हातान्ही.
मांडव घातला, सावली अंगणात,
बसा की पाहुण्यांत मानानं.

सून सासऱ्याशी सरळ बोलली होती. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आई खाली मान घालून जातं ओढत राहिली. सगळे म्हणाले, काय गोड गायली, काय गोड गायली. मला ते गोड लागेना. माझ्या लग्नाची हळद कुणीतरी दंड भरल्यासारखी गाऊन दळली होती, आणि दंड माझा होता.

त्यानंतर वहिनी पुन्हा गायला लागल्या. बोलावणं आलं की जायच्या, घरी दळतानाही गायच्या. लग्नाची गडबड संपल्यावर एकदा आई ओसरीवर तूर निवडत बसली होती. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "आई, आता तरी ऐक. टेप मी पुसली. वहिनींचा काही दोष नाही."

तिनं सुपातून नजर काढली नाही. "ठाऊक हाय."

"काय ठाऊक आहे?"

"तूच पुसलंस ते. तिला काय कळायलंय त्या मशीनमधलं? बटन कुठं असतंय तेबी तिला ठाऊक न्हाई. त्याच दिवशी कळलं मला."

मग मी चिडलो. म्हणालो, "मग वर्षभर त्यांच्याशी अबोला का धरलास? माझ्याशी धरायचा."

"तुझ्याशी धरून काय झालं असतं? तू चार रोज तोंड पाडून बसला असतास आन् परभणीला गेला असतास. ती गायली असती का? किती जणींनी इनवण्या केल्या, गायली का ती? माझ्या रागाची भरपाई म्हणून गायली." आईनं एक खडा काढून बाजूला टाकला. "तुझ्या आबांचा आवाज गेला तो गेला. घरात दुसरा एक होता. तोबी जाऊ द्यायचा का मी?"

मी म्हणालो, "आता त्यांना सांगतो. तुझ्या मनात राग नाही म्हणून."

"सांग की. पुढच्या लगनात पुन्हा मुकी बसंल. मग तूच ऐक जात्याची घरघर."

मी उठून आत गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो. परसात वहिनी भांडी घासत होत्या आणि हलक्या आवाजात काहीतरी म्हणत होत्या. माझ्या मागोमाग आई तुरीचं सूप घेऊन दारात आली. वहिनींनी वर पाहिलं, आईचा चेहरा बघितला, तिथं काही दिसतंय का ते शोधलं. आईनं चेहरा कोरडाच ठेवला. मग वहिनींनी मान खाली घातली आणि तीच ओवी पुन्हा म्हणायला लागल्या, आईला नीट ऐकू जावी म्हणून जरा मोठ्यानं. मी काही सांगितलं नाही.